नकाशात कसलं आलंय राजकारण?

प्रश्न: मी मानवी भूगोल शिकतेय. आमचे सर सारखं म्हणतात की नकाशा म्हणजे सत्ता. पण नकाशा तर मोजमाप घेऊन काढतात ना, मग त्यात सत्ता कुठून आली? मला तरी ओढूनताणून वाटतं.

उत्तर: वाटणारच, कारण सगळे सुरुवात मर्केटर या जुन्या नकाशाकारापासून करतात, त्याच्या जगाच्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, खरं तर आफ्रिका जवळपास १४ पट मोठी, बघा कसा कट केला वगैरे. मला काही हे पटत नाही. १५६९चा तो नकाशा दर्यावर्दींसाठी होता, होकायंत्राची एकच दिशा धरून जायचं तर रेघ सरळ यावी म्हणून ध्रुवांकडचा भाग ताणलाय. जहाजावरचा नकाशा नंतर शाळेच्या भिंतीवर कोणी नि का टांगला, ते विचारा.

आणि मोजमापाचंच म्हणत असाल तर नैनसिंग रावत हा हिमालयातला मोजणीदार बघा. तिबेटात गोऱ्यांना बंदी, म्हणून १८६५-६६ मध्ये ब्रिटिशांच्या भूमापन खात्याने नैनसिंगांना वेष बदलून ल्हासाला, म्हणजे तिबेटच्या राजधानीत, पाठवलं. हातात जपमाळ, पण मणी १०८ नाहीत, १००! शंभर पावलं झाली की एक मणी ओढायचा, पूर्ण माळ म्हणजे दहा हजार पावलं, आणि नोंदींचे कागद प्रार्थनाचक्रात. बघणाऱ्याला वाटावं बुवा जप करतोय. मोजणी चोख हो, माणूस कमालीचा, पण ज्यांचा मुलुख मोजला त्यांना पत्ताच नाही आणि नकाशा गेला मोजायला पाठवणाऱ्यांच्या कपाटात. १९०४ला ब्रिटिश फौज ल्हासात पोचली.

कधीकधी तर नकाशा जागा नुसती दाखवत नाही, घडवतो. अमेरिकेत १९३०च्या दशकात गृहकर्जाच्या सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे रंगवून घेतले, हिरवा म्हणजे उत्तम, लाल म्हणजे जोखीम. कृष्णवर्णीयांची वस्ती असली की बहुतेक वेळा लालच. अशा वस्त्यांत कर्ज मिळायची मारामार, कर्ज नाही म्हणून घराची डागडुजी नाही, मग घरं पडायला आली की लाल रंग देणारेच म्हणणार, बघा, आम्ही बोललो नव्हतो? आता यात रस्ता कुठे चुकीचा काढलाय दाखवा, नाही सापडणार.

परीक्षेत मात्र मर्केटर लिहाच, पेपर तपासणारे तोच शोधत असतात.