आराम करायला गेले आणि जीव घाबरा झाला

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच तिने विचारलं, "मॅडम, आराम करायला गेलेल्या माणसाचा आराम करतानाच जीव घाबरा होतो का कधी? की हे फक्त माझंच?"

समुपदेशक म्हणून हा प्रश्न माझ्याकडे बऱ्याचदा येतो, फक्त सहसा इतका सरळ येत नाही. कुणी सांगतं, सुट्टीच्या पहिल्याच दिवशी डोकं धरतं. कुणाला रविवारी दुपारी उगाच रडू येतं. एका गृहस्थांनी तर, एखादं औषध मानवत नाही म्हणावं तसं, "मला सुट्टी मानवत नाही" असं सांगितलं होतं. बोलताना सगळेच ओशाळलेले असतात. आराम मिळत नाही म्हणणाऱ्याची लोक कीव तरी करतात. मिळालेला घेता आला नाही असं सांगायचं कुणाला?

तिच्या परवानगीने ही गोष्ट सांगते आहे. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.

वय चाळिशीच्या आतबाहेर. मालवाहतूक कंपनीत गाड्यांचं वेळापत्रक सांभाळायचं काम. कुठली गाडी कुठे अडकली, ड्रायव्हर पोचला का, माल उतरला का, याचे फोन रात्री-अपरात्री कधीही. लग्नाला दहा वर्षं झाली म्हणून नवऱ्याने तिला न सांगता शनिवार-रविवार जोडून दोन रात्रींचं बुकिंग केलं. जुन्या किल्ल्याच्या धर्तीवर बांधलेलं स्पा रिसॉर्ट: चार बुरूज, भोवती खंदकासारखं पाणी, त्यावर साखळ्या लावलेला लाकडी पूल, दाराशी चिलखत घातलेला पुतळा, गोल जिन्यात मशालींच्या आकाराचे दिवे, आणि तळघरात गरम पाण्याचे हौद, स्टीम रूम, मसाजच्या खोल्या. "भिंतीवर टकटक केलं की आतून पोकळ वाजायची," ती म्हणाली. "पण सुंदर होतं हो सगळं. तेच तर! जागेला दोष देता येत नाही."

मग दोष उरला तिच्याकडे. परतीच्या वाटेवर नवरा गाडी चालवता चालवता म्हणाला, "तुझ्यासाठी काहीही करा, तुझा चेहरा तोच." त्या वाक्याने ती माझ्याकडे आली होती. डोकं दुखण्यासाठी कदाचित आली नसती.

अशा वेळी मी 'का' विचारत नाही. 'का' विचारलं की माणूस लगेच स्वतःवर खटला भरतो. मी दोन दिवस तासागणिक सांगायला लावते.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत काम. घाईत बॅग. प्रवासभर फोन. नऊच्या सुमारास पोचले. खोली बुरुजात सर्वांत वर, आणि मोबाइलला रेंज फक्त एका ठिकाणी, बाण सोडायला ठेवतात तशा अरुंद खिडकीच्या फटीपाशी. तिथे ती अर्धा तास उभी. रात्री झोप नाही. लाकूड करकरलं तरी डोळे उघडायचे. शनिवारी सकाळी दीड तासाचा मसाज. तोंड पलंगाच्या भोकात, समोर फक्त फरशी. "मसाज देणाऱ्या मुलीला वाईट वाटू नये म्हणून मी सैल पडल्याचं नाटक करत होते." मग स्टीम रूम. तीन-चार मिनिटांत छातीत धडधड, श्वास अपुरा, आता आपण इथेच जातो असं वाटून ती धावत बाहेर आली. दुपारपासून डोकं ठणकायला लागलं. संध्याकाळी मेणबत्त्या लावलेल्या दरबारात नवरा एकटा जेवला, ती अंधाऱ्या खोलीत पडून होती. "रविवारी सकाळी ते धनुष्यबाण चालवायला शिकवतात, ते केलं थोडं, आणि निघालो."

शेवटचं वाक्य ती घाईत बोलून गेली. मी ते वहीत लिहून त्याखाली रेघ मारली.

आधी तिच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलं. नाही, हे फक्त तिचंच नाही. नेदरलँड्समधले मानसशास्त्रज्ञ आद फिंगरहूट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली याच विषयावर एक पाहणी प्रसिद्ध केली. कामाच्या दिवसांत ठणठणीत आणि सुट्टी लागली की डोकेदुखी, थकवा, अंगदुखी, अशी तक्रार साधारण ३ टक्के लोकांनी केली होती. 'सुट्टीचा आजार' असं नाव त्यांनी वापरलं. वैद्यकात त्या नावाचं अधिकृत निदान नाही, पण तक्रार खरी आहे. आकडा ऐकून ती जरा सैल बसली. मला हे नेहमी गमतीचं वाटतं: माझ्या धीराच्या चार शब्दांनी जे होत नाही ते कधीकधी एका छोट्या टक्केवारीने होतं.

पुढे एकेक धागा सुटा केला. रात्रीचा धागा सगळ्यांत सोपा. अनोळखी जागी पहिल्या रात्री झोप नीट लागत नाही, हे झोपेच्या प्रयोगशाळांना १९६० च्या दशकापासून माहीत आहे. २०१६ साली ब्राउन विद्यापीठात मासाको तामाकी आणि सहकाऱ्यांनी त्याचं एक कारण दाखवलं: नव्या जागी पहिल्या रात्री मेंदूचा एक अर्धा भाग दुसऱ्यापेक्षा उथळ झोपतो आणि बाहेरच्या आवाजांना जास्त चटकन प्रतिसाद देतो. दुसऱ्या रात्रीपासून तो फरक ओसरतो. थोडक्यात, अर्धा मेंदू पहाऱ्यावर.

ती पहिल्यांदा हसली. "म्हणजे एवढ्या किल्ल्यात खरा पहारेकरी एकच होता, आणि ती मी."

डोकेदुखीसाठी मी विचारलं, "ऑफिसात कॉफी किती होते?" पाच कप, कधी सहा. "आणि तिथे?" तिथे स्पाच्या नियमाप्रमाणे फक्त औषधी वनस्पतींचा काढा. शेवटची कॉफी शुक्रवारी दुपारी चारची. कॅफीनची सवय असलेल्या शरीराला ते मिळालं नाही की बारा ते चोवीस तासांत डोकं धरायला लागतं. तिचं शनिवारी दुपारी धरलं. सगळी डोकेदुखी कॉफीचीच असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही; ताण एकदम उतरला की अर्धशिशी उठते, असेही रुग्ण असतात. पण 'मला सुख सोसत नाही' इथपर्यंत जाण्याआधी कप मोजायला काय हरकत आहे?

स्टीम रूमचंही तसंच. उष्णतेने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, हृदयाचे ठोके वाढतात, घाम फुटतो, दमट हवेत श्वास जड वाटतो, उठताना चक्करही येऊ शकते. घाबरल्यावर शरीर जे करतं त्याच्याशी हे इतकं मिळतंजुळतं आहे की आधीच सावध असलेलं मन दोन्हीत गल्लत करतं. इथे एक गोष्ट मी कधी सोडत नाही. छातीत धडधडलं की आधी डॉक्टर, मग समुपदेशक. तिचा ईसीजी आणि रक्तदाब तपासून झाला होता, दोन्ही ठीक. हृदयाचा त्रास, कमी-जास्त होणारा रक्तदाब किंवा गरोदरपण असेल तर वाफेच्या खोलीत शिरण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावं.

इथपर्यंत काम सोपं होतं. मसाजच्या दीड तासाचं मात्र मला नीट उमजलं नव्हतं, आणि तिथेच मी चुकले. स्नायू क्रमाने आवळून सैल सोडायचा एडमंड जेकबसन यांचा व्यायाम मी तिला शिकवला, रोज झोपताना वीस मिनिटं करायला सांगितलं. आठवड्याने ती आली ती ओढलेल्या चेहऱ्याने. "मॅडम, पाय सैल सोडला की पोटात खड्डा पडतो. उंचावरून पडल्यासारखं. तीन दिवस केलं, मग भीतीने सोडून दिलं."

हे मला आधी सुचायला हवं होतं. १९८३ साली फ्रेडरिक हाइड आणि टॉमस बोर्कोव्हेक यांनी कायम ताणात राहणाऱ्या लोकांवरच्या एका लहान अभ्यासात हेच नोंदवलं आहे: शिथिलीकरण करताना काहींचा ताण उलट वाढतो. पुढे मिशेल न्यूमन आणि सँड्रा लेरा यांनी त्याची एक उकल मांडली. सतत काळजी करणारा माणूस स्वतःला जणू मुद्दाम ताणलेलं ठेवतो, कारण निवांत असताना अचानक वाईट बातमी आदळणं त्याला सर्वांत असह्य वाटतं. आधीच वाईट वाटत असेल तर निदान खाली कोसळायला उंची नसते.

हे मी तिला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली. मग तीन वर्षांपूर्वीचा एक दिवस बाहेर आला. रजेचा दिवस होता. फोन आतल्या खोलीत चार्जिंगला लावून ती दुपारी झोपली होती. त्याच दोन तासांत त्यांची एक गाडी घाटात उलटली. ड्रायव्हर वाचला, पण तिला सोळा मिस्ड कॉल होते, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर साहेबांनी विचारलं, "झोपला होतात का?"

तेव्हापासून तिच्या लेखी सैल पडणं म्हणजे गाफील राहणं. मेणबत्त्या, तेल, वाफ, मंद संगीत यांनी तिला नेमकं त्याच दुपारी नेऊन झोपवलं होतं, आणि तिचं शरीर सोळा कॉलांची वाट बघत होतं. नवऱ्याने आणलेली भेट तिला भेट वाटणार कशी?

तर धनुष्यबाणाखालची रेघ. मी विचारलं, रविवारी सकाळी किती वेळ बाण मारले? ती म्हणाली, दहा-पंधरा मिनिटं. मग थांबून हिशोब केला. नाश्ता नऊला, खोली सोडली सव्वाअकराला. म्हणजे नाश्ता, आवराआवर सोडली तरी दीड तास! "एकदासुद्धा फोन बघितला नाही," ती स्वतःशीच म्हणाली. "खांदा वर जातोय, कोपर वाकतंय, एवढंच चाललं होतं डोक्यात. शेवटचे दोन बाण बरोबर पिवळ्यात."

जर्मन मानसशास्त्रज्ञ साबीने सोनेनटाग आणि शार्लोट फ्रिट्झ यांनी २००७ साली कामाचा शीण उतरण्याचे चार मार्ग मांडले. कामापासून मनाने सुटणं, शरीर-मन शिथिल होणं, काहीतरी नवं शिकून जमवणं, आणि आपला वेळ आपल्या हातात असणं. स्पा म्हटलं की आपण दुसऱ्या मार्गावरच सगळा भार टाकतो. तिला दुसरा बंद होता, तिसरा सताड उघडा. चौथ्याबद्दल तर बोलायलाच नको: दोन दिवसांचं वेळापत्रक नवऱ्याने प्रेमाने आखलेलं, काढा किती वाजता तेही ठरलेलं. आयुष्यभर इतरांच्या गाड्यांची वेळापत्रकं सांभाळणाऱ्या बाईला सुट्टीतही एक वेळापत्रक!

एक बैठक दोघांना बोलावून घेतली. तो चांगला माणूस आहे. दुखावलेला होता, आणि ते त्याने रागात गुंडाळून ठेवलं होतं. त्याला वाटत होतं तिला त्याच्याबरोबर राहायलाच आवडत नाही. अपघाताचा दिवस त्याला माहीत होता, 'झोपला होतात का' हे वाक्य माहीत नव्हतं. ते ऐकून तो म्हणाला, "मग मी तुला तिथे रोज 'झोप ना जरा' म्हणत होतो, ते..." पुढे त्याने वाक्य पूर्ण केलं नाही. मीही केलं नाही.

नंतरचे दोन-अडीच महिने आम्ही फार साधं काम केलं. वीस मिनिटांचा व्यायाम रद्द. त्याऐवजी दोन मिनिटं, तीही डोळे उघडे ठेवून, बसून, फक्त हाताचे पंजे सैल. पोटात खड्डा पडला तर पडू द्यायचा आणि तो किती वेळ टिकतो ते मोजायचं. पहिल्यांदा चाळीस सेकंद टिकला. पुढे कमी होत गेला, मधे एकदा परत वाढलाही. ऑफिसात रजेच्या दिवसासाठी एका सहकाऱ्याचा नंबर लेखी नेमून घेतला. हे काम माझ्या सगळ्या तंत्रांपेक्षा जास्त उपयोगी पडलं असावं. ज्या पहारेकऱ्याची बदली आलेली नाही त्याला आपण श्वास मोजायला शिकवून काय होणार? हा भाग पूर्ण व्हायला तीन आठवडे आणि साहेबांना दोन मेल लागले.

अशी घुसमट सुट्टीपुरती न राहता रोजची झाली, झोप आठवडेच्या आठवडे उडाली किंवा जगणं नकोसं वाटू लागलं, तर हे असलं घरगुती काम पुरणार नाही. मानसोपचारतज्ज्ञांना भेटायला हवं. तिच्या बाबतीत तशी वेळ आली नाही.

सहा महिन्यांनी ते दोघं पुन्हा त्याच किल्ल्यात गेले. कल्पना तिची होती, आणि मला ती फारशी पटली नव्हती. पहिला हट्ट जिंकायची ही खुमखुमी तर नाही ना, असं मी विचारलंही. "असेल," ती म्हणाली. "पण मला तो बुरूज आवडला होता."

या वेळी त्यांनी शुक्रवारी दुपारीच काम बंद केलं. कॉफीची पावडर बरोबर नेली. फोन संध्याकाळी सातला एकदा, त्या खिडकीच्या फटीपाशी उभं राहून, दहा मिनिटं. मसाज त्याने एकट्याने घेतला, ती तेवढा वेळ धनुष्यबाणाशी. स्टीम रूमच्या दारापर्यंत गेली आणि परत आली. पहिल्या रात्री झोप लागली नाही, पण हे होणार हे माहीत असल्यामुळे दोघं दोनला उठून पुलावर जाऊन बसले.

हे सगळं सांगून झाल्यावर तिने पर्समधून मोबाइल काढला आणि नवऱ्याने काढलेला फोटो दाखवला. रविवारची दुपार, हौदाच्या कडेची आरामखुर्ची, ती तोंड उघडं टाकून गाढ झोपलेली. पंचवीस मिनिटं झोपले म्हणे. "फोन कुठे होता तेव्हा?" मी विचारलं.

"हा फोटो त्याच फोनवर काढलाय," ती म्हणाली. "आणि मधे एक कॉल आला होता. त्याने उचलून सांगितलं, झोपलीये म्हणून."