राजीनाम्यातलं 'राजी'

"मीच तर हो म्हटलं होतं. आता तक्रार कुठल्या तोंडानं करू?" दादरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे महिन्यातून दोन-चारदा तरी ऐकू येतं. कधी सासूबाईंना घरी आणण्यावरून, कधी पागडीची खोली भावाच्या नावे केली म्हणून.

मीनल (नाव बदललंय) आली ती झोप लागत नाही म्हणून. लेकाच्या दहावीसाठी बँकेतली चौदा वर्षांची नोकरी सोडलेली. चौथ्या भेटीत विचारलं, "सोडायला लावली कुणी?"

"कुणीच नाही हो मॅडम. राजीखुशीनं राजीनामा दिला."

आणि स्वतःच थबकली. "राजी... राजीनामा?"

मला शब्दांचा नाद आहे, संधी कशी सोडणार! 'राजी' अरबी, 'नामा' फारसी. राजी असल्याचा कागद. हिंदी मुलखातल्या कोर्टांत आजही राजीनामा म्हणजे दोन्ही पक्षांची तडजोड. आपल्याकडच्या महसुली दप्तरात जमीन सोडणारा राजीनामा लिहून द्यायचा, घेणारा कबुलायत, म्हणजे कबुलीचा कागद. मराठीत सोडणं तेवढं उरलं, त्यातलं 'राजी' कुणी वाचत नाही.

"नाही म्हटलं असतंत तर?"

ती बराच वेळ गप्प. मीही बोलले नाही; अशा वेळी गप्प बसणं मला उशिराच जमलं. मग म्हणाली, "लेकाला मार्क कमी पडले असते, तर बिल माझ्या नावावर फाटलं असतं."

"म्हणजे राजी होतात, की घाबरला होतात?"

"घाबरले होते." आणि चक्क हसली.

1872 च्या करार कायद्यातही दबावाखाली दिलेली संमती मोकळी मानत नाहीत. घरात कलमं चालत नाहीत, पण 'नाही म्हणायला जागा होती का?' हा प्रश्न चालतो. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीच्या पठडीतली. 'हो म्हटलं म्हणजे निभावलंच पाहिजे' यातला 'च' मी पहिला पकडते. हो म्हटलेलं बदलता येतं, निदान त्याबद्दल बोलता तरी येतं. मात्र प्रत्येक पस्तावा दबावातून येत नाही. काही होकार मनापासूनचे असतात, फक्त महाग पडतात. तिथे घरच्यांना आरोपी करू नका. मीनलच्या नवऱ्याला तर ती घाबरली होती याचा पत्ताच नव्हता.

नोकरी काही परत मिळाली नाही. गेल्या महिन्यात नणंदेच्या बाळंतपणासाठी महिनाभर डोंबिवलीला राहायला बोलावलं, तेव्हा मीनल म्हणाली, "उद्या सांगते." दुसऱ्या दिवशी सांगितलं, आठ दिवस येईन.