सुती विणीच्या वायरला वार्निश लावताना

जुन्या गाडीचं वायरिंग आहे, तेव्हा आधी बॅटरी सोडव. वायरवरची सुती वीण पूर्ण कोरडी हवी, कारण आत अडकलेली ओल वार्निशखालून सहज निघत नाही. कापलेली टोकं दोऱ्यानं घट्ट बांध, नाहीतर वीण उसवत जाते.

लाकडाचं कडक वार्निश अजिबात वापरू नकोस, वायर वाकली की ते तडकतं. लवचीक राहणारी लॅकर, म्हणजे थिनरमधलं लवकर वाळणारं वार्निश, घे. तिच्यातला थिनर आतल्या रबराला किंवा पीव्हीसीला मऊ करू शकतो, म्हणून उरलेल्या तुकड्यावर लावून एक रात्र थांबच. मग पातळ हात दे, दोन किंवा तीन, आणि वायर टांगून वाळव. टर्मिनलवर, म्हणजे वायरच्या टोकाच्या धातूच्या जोडणीवर, थेंबही नको. विणीतले रंगीत धागे गडद होतात, तेव्हा कुठली वायर कुठं जाते ते आधीच लिहून ठेव. खिडक्या उघड्या ठेव, ज्योत जवळ नको.