हॉस्टेलला जाताना ‘काही राहिलं तर?’

जून संपत आला आणि प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की पुण्यातील माझ्या समुपदेशन केंद्रात एक प्रश्न दरवर्षी येतो. तो विचारणाऱ्या बहुतेक आयाच असतात, क्वचित एखादे वडील असतात, आणि घरातले मूल प्रथमच बाहेर राहायला निघालेले असते. प्रश्न ऐकला तर तो तुळशीबागेतल्या दुकानदाराला विचारावा असा वाटतो : “मॅडम, हॉस्टेलवर काय काय द्यावं लागेल? आणि काही राहिलं तर?” पहिल्या भागाचे उत्तर कोणीही देऊ शकेल. दुसऱ्या भागाने मात्र या माणसांची झोप उडवलेली असते. म्हणून एका कुटुंबाची हकिगत, ओळख पटेल असे सर्व तपशील बदलून, येथे सांगत आहे.

मुलाला आपण ओंकार म्हणू. त्याला नागपूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळाला होता. आई एका खासगी कंपनीत हिशेब सांभाळत असे, आणि तिची यादीही हिशेबाच्या वहीसारखीच आखलेली होती : वस्तू, नग, घेतले, घ्यायचे. त्या यादीत गादी, उशी, चार चादरी, रजई, मच्छरदाणी, बादली, मग, दोरी, चिमटे, दोन एक्स्टेंशन बोर्ड, केटल, इंडक्शन शेगडी, पाणी तापवायचा रॉड, शिवणाचा डबा, तीन महिने पुरतील इतकी औषधे आणि खाण्याच्या वस्तूंचे एक स्वतंत्र पान होते. वडिलांनी बांधलेले सामान काट्यावर ठेवून पाहिले तेव्हा ते ६३ किलो भरले. रेल्वेच्या शयनयानात आणि तृतीय वातानुकूलित डब्यात एका प्रवाशाला ४० किलो सामान विनाशुल्क नेता येते. त्यावरून घरात वाद झाला, आणि त्या वादात आईला रडू आवरेना म्हणून ते तिघे माझ्याकडे आले होते.

वडिलांचे मत स्पष्ट होते. “आम्ही एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन गेलो होतो. काही अडलं नाही.” हे वाक्यही मी इतक्या वडिलांकडून ऐकले आहे की त्याचा शेवट मला पाठ आहे. त्यात खोटे काही नसते, पण ते ऐकून आजवर एकाही आईची काळजी कमी झालेली मी पाहिलेली नाही. उलट आपण सोडून कोणालाच याचे गांभीर्य नाही, अशी तिची खात्री होते आणि यादीत आणखी चार वस्तू वाढतात.

ओंकार या सर्व काळात खुर्चीच्या कडेवर बसून होता. काही विचारले की तो आधी आईकडे पाही, आणि बहुतेक वेळा उत्तर तीच देई.

चिंता करू नका, असे मी कोणाला सांगत नाही. माझी बैठक विवेकनिष्ठ मानसोपचाराची आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये मांडलेल्या या विचाराचे सार असे की, प्रसंगापेक्षा त्या प्रसंगाबद्दल आपण मनाशी जे धरून बसतो त्याने माणूस अधिक हैराण होतो. तेव्हा आईने मनाशी काय धरले आहे ते तिच्याच तोंडून बाहेर यावे यासाठी मी तिला यादी मोठ्याने वाचायला सांगितले आणि मधूनमधून एखाद्या वस्तूपाशी थांबवले. बादली, चिमटे, दोरी झाली. मग केटल आली.

“केटल कशासाठी?”

“रात्री भूक लागली तर काही करून खाता येईल.”

“केटल नसली तर काय होईल?”

“मेस बंद झालेली असेल ना. उपाशी झोपेल.”

“शेजारच्या खोलीत कोणाकडे बिस्किटाचा पुडा नसेल?”

“असेल हो. पण हा मागणार नाही.” तिने वही मिटली. “मॅडम, हा कधी कुणाकडे काही मागतच नाही. ताप आला तरी आम्हाला हात लावून बघावं लागतं.”

मी ओंकारकडे पाहिले. या वेळी त्याने आईकडे न पाहता उत्तर दिले. “मागितलं की लोकांना उगाच त्रास होतो.”

त्या दिवशीचे बाकीचे बोलणे मी आवरते घेतले, कारण हवे ते समोर आले होते. यादीत इतक्या वस्तू का होत्या हे आता स्पष्ट दिसत होते. ओंकारला कोणापुढे तोंड उघडावे लागू नये, यासाठी ती सगळी तजवीज होती. तो मागत नाही म्हणून आई आधीच आणून ठेवते, आणि ती आधीच आणून ठेवते म्हणून त्याच्यावर मागण्याची वेळ येत नाही. अठरा वर्षे हे असे चालले होते आणि आता ते ६३ किलोंपर्यंत पोहोचले होते. प्रेमात कोठे उणे होते असे नाही. पण नागपूरला पुरून उरेल असे सामान बांधता येणार नव्हते, आणि हे त्या माउलीला आतून कळत होते, म्हणूनच यादी कितीही वाढली तरी तिचे समाधान होत नव्हते. समुपदेशकाला इतका स्वच्छ उलगडा वारंवार लाभत नाही, आणि तो लाभला की मला अजूनही मनापासून आनंद होतो.

पुढच्या भेटीपर्यंत ओंकारने काय करायचे, ते मी सांगितले. त्याने इमारतीतल्या एका घराची घंटी वाजवून वाटीभर विरजण मागून आणायचे. विरजण मी मुद्दाम निवडले. ते मोबाइलवरून मागवण्याची कोणाला सवय नसते, त्याची किंमत विचारता येत नाही, आणि ते देताना कोणाचे फारसे काही जात नाही. आई म्हणाली, “आमच्याकडे दही असतं की!” वडील प्रथमच हसले. ओंकार मात्र घाबरला होता.

म्हणून त्याला एलिस यांच्याच तरुणपणीची गोष्ट सांगितली. एलिस हे विलक्षण बुजरे होते, विशेषतः मुलींशी बोलताना. वयाच्या १९व्या वर्षी त्यांनी न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात जाऊन, बाकावर एकटी बसलेली मुलगी दिसली की तिच्याशेजारी बसून बोलायला सुरुवात करायची, असा नेम केला आणि महिनाभरात सुमारे शंभरजणींशी ते बोलले. भेटायला येण्याचे त्यांतल्या एकीनेच कबूल केले, आणि तीही आली नाही. तरीही भीती गेली, कारण ज्या नकाराचा त्यांनी एवढा धसका घेतला होता तो इतक्यांदा मिळूनही काही कोसळले नव्हते. ही गोष्ट ऐकून ओंकारने विचारले, “आणि मला विरजणावर सोडताय?”

पुढच्या भेटीत तो स्वतःहून बोलू लागला. दोन दिवस त्याने टाळाटाळ केली होती. तिसऱ्या दिवशी दुपारी तो गेला, तर समोरच्या काकूंनी दार उघडायला वेळ लावला. (दुपारी एक ते चार पुण्यात घंटी वाजवू नये, हे मी त्याला सांगायला हवे होते काय? मला वाटते, पुण्यात वाढलेल्या मुलाला ते ठाऊक असावे.) काकूंनी विरजण दिले, पाऊण तास बसवून ठेवले, आणि त्यांचा भाऊ नागपुरात धरमपेठेत राहतो असे सांगून त्याचा क्रमांकही दिला.

“समजा, त्यांनी नाही म्हटलं असतं तर?” मी विचारले.

तो थोडा वेळ विचार करत राहिला. “तर परत आलो असतो. वाईट वाटलं असतं.”

“किती वेळ?”

“जिना उतरेपर्यंत.”

यापेक्षा नेमके उत्तर मला सुचले नसते.

आईसोबतचे काम याहून अवघड होते. मुलाला त्रास होऊ नये ही इच्छा कोणत्याही आईला शोभणारीच आहे. त्याला कसलाच त्रास होता कामा नये असा हट्ट धरला की मात्र ती इच्छा आपल्यालाच छळू लागते. हे बोलून समजावणे पुरत नाही, करून पाहावे लागते. ठरले असे की, यादी ओंकार करील, बॅग तोच भरील आणि भरलेली बॅग आई उघडणार नाही. तिने हे पाळले. मेतकुटाची एक पिशवी बाजूच्या कप्प्यात सरकवल्याचे तिने नंतर सांगितले, आणि त्यावर मी काहीही म्हटले नाही.

ओंकारची यादी एका पानात मावली. तिच्यात आईच्या वहीत नसलेली एक वस्तू होती : कॅरमचा स्ट्रायकर. बोर्ड कोठे आहे, असे मी विचारले. “बोर्ड तिथे कोणाकडे तरी असेलच,” तो म्हणाला. जेमतेम १५ ग्रॅमची ती चकती घेऊन तो निघाला होता याचा अर्थ, कोणाचा तरी बोर्ड मागायचा आणि समोर कोणी तरी खेळायला बसेल, हे त्याने गृहीत धरले होते. महिन्यापूर्वी हाच मुलगा, मागितले की लोकांना त्रास होतो, असे म्हणत होता. मी वहीत त्या दिवसाच्या तारखेपुढे एवढेच लिहिले, ‘स्ट्रायकर’, आणि पुढच्या भेटीची वेळ दिली नाही.

आता ज्यांच्या घरी ही तयारी चालू आहे, त्यांच्यासाठी.

सामान वर्षाचे बांधू नये. ते दिवाळीपर्यंतचे बांधावे. बहुतेक मुले दिवाळीला घरी येतात, आणि नागपूरची थंडी पुण्यापेक्षा कडक असली तरी ती पडते दिवाळीच्या आगेमागे. तेव्हा रजई दुसऱ्या फेरीत नेता येते. बादली, मग, दोरी, हँगर, गादी या वस्तू महाविद्यालयाच्या गावातच घ्याव्यात. त्या तेथे मिळतात, हे एक कारण झाले. दुसरे, माझ्या दृष्टीने मोठे कारण असे की, पहिल्या दोन दिवसांत खोलीतल्या सोबत्याबरोबर बादली आणायला बाजारात जाणे हीच अनेकांच्या मैत्रीची सुरुवात असते.

इंडक्शन शेगडी आणि पाणी तापवायचा रॉड घरीच ठेवावा. बहुतेक वसतिगृहांत त्यांना मनाई असते, आणि ती निव्वळ शिस्तीपोटी नसते : साधा ६ अँपिअरचा सॉकेट २३० व्होल्टला सुमारे १,३८० वॅट इतकाच भार घेऊ शकतो, तर घरगुती इंडक्शन शेगडी पूर्ण क्षमतेवर २,००० वॅटपर्यंत वीज ओढते. औषधांत नेहमी चालू असलेली औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह द्यावीत. शिवाय पॅरासिटामॉल, ओआरएसची पाकिटे, मलमपट्टी आणि थर्मामीटर पुरे. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या मात्र ‘असू देत’ म्हणून मुळीच देऊ नयेत, कारण मूल त्या डॉक्टरांना न विचारता घेईल.

विसरून चालणार नाही अशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे कागदपत्रे. मूळ गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, लागू असल्यास जातीचा दाखला, जात वैधता आणि नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र, आधारच्या प्रती, पासपोर्ट आकाराचे फोटो, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनुसार विद्यार्थ्याने व पालकांनी द्यायचे रॅगिंगविरोधी हमीपत्र, हे सर्व एका फाइलमध्ये असावे व प्रवासात ती फाइल हातातल्या पिशवीत राहावी. ती मुलानेच लावावी. कोणता कागद कोठे आहे हे आईला फोन करून विचारण्याची वेळ प्रवेशाच्या रांगेत येऊ नये.

खाऊ मात्र कमी करू नका. येथे माझे आणि वडीलमंडळींचे पटत नाही. चिवडा, लाडू, शंकरपाळे दुप्पट द्यावेत आणि निम्मे दुसऱ्यांसाठी आहेत असे सांगून द्यावेत. ज्या मुलाला बोलायला सुचत नाही त्याला डबा उघडणे जमते.

फोनची वेळ आधी ठरवून घ्यावी. “जेवलास का?” हा प्रश्न आपल्याकडच्या आया विचारणारच आणि त्यांनी तो विचारावा, पण दिवसातून एकदाच, आणि उत्तर ‘हो’ आले की त्याची उलटतपासणी करू नये.

ओंकार ऑगस्टमध्ये गेला. कुलूप विसरला, पहिल्या रात्री त्याचा लॅपटॉप सोबत्याच्या कपाटात राहिला. सप्टेंबरच्या मध्यास त्याला फार एकटे वाटू लागले आणि एका रात्री त्याने आईला फोन करून रडत रडत ते सांगितले. ती घाबरून मला विचारू लागली की, लगेच नागपूरला जाऊ का? मी विचारले, फोन कोणी केला होता? “त्यानेच.” मग आपण थांबून पाहू, असे ठरले, आणि ती दिवाळीची तिकिटे काढायला बसली.

पहिल्या काही आठवड्यांत घरची आठवण येणे, एखाद्या रात्री रडू येणे, मेसचे जेवण न जाणे, हे बहुतेकांना होते आणि हळूहळू ओसरते. पण मूल दोन आठवड्यांहून अधिक काळ नीट झोपत नसेल, खोलीबाहेर पडणे किंवा वर्गात जाणे बंद करीत असेल, फोन उचलत नसेल, किंवा जगण्याला अर्थ नाही अशा आशयाचे काही बोलत असेल, तर वाट पाहू नये. शेवटचे लक्षण दिसल्यास त्याच दिवशी वसतिगृहाच्या अधीक्षकांना कळवावे आणि स्वतः तेथे पोहोचावे. रॅगिंगची तक्रार १८००-१८०-५५२२ या निःशुल्क क्रमांकावर कोणत्याही वेळी करता येते. मानसिक त्रासासाठी केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असते आणि तेथे मराठीतून बोलता येते. हे दोन्ही क्रमांक मुलाने आपल्या फोनमध्ये निघण्यापूर्वीच, स्वतःच्या हाताने साठवून ठेवावेत.