वाचकांचे प्रश्न: लाल त्रिपंखी विमानाचे मूळ पान

प्रश्न: पहिल्या महायुद्धातील विमानयुद्धावरच्या चित्रकथा मी बरीच वर्षे जमवत आहे. आता मूळ रेखाटने घ्यावीत असे मनात आहे. एका विक्रेत्याने मला ‘एनिमी एस’ मालिकेच्या १९६५मधील पहिल्या कथेतले, जो क्युबर्ट यांच्या हातचे म्हणून एक पान देऊ केले आहे. चित्राचा भाग १० बाय १५ इंचांचा असून विमान लाल रंगवलेले आहे. पान अस्सल आहे हे कसे ओळखावे?

उत्तर: आपण माप आणि रंग या दोन्ही गोष्टी कळवल्या हे फार बरे झाले, कारण शंकेला जागा नेमकी तिथेच आहे. रॉबर्ट कॅनिगर यांनी लिहिलेली आणि क्युबर्ट यांनी चितारलेली, हान्स फॉन हॅमर या जर्मन वैमानिकाची ही कथा ‘अवर आर्मी ॲट वॉर’च्या १५१व्या अंकात प्रथम आली. त्या वर्षी अमेरिकी कॉमिक्सची पाने सर्रास मोठ्या कागदावर, सुमारे १२.५ बाय १८.५ इंचांच्या चौकटीत काढली जात आणि छपाईच्या वेळी लहान केली जात. १० बाय १५ इंचांचे माप १९६७च्या सुमारास रूढ झाले. म्हणजे आपल्याला दाखवलेले पान एकतर १९६८ किंवा त्यानंतरच्या एखाद्या अंकातील असावे, नाहीतर पुढे केव्हातरी केलेली प्रतिकृती असावी. कलावंताने स्वतः केलेल्या प्रतिकृतीलाही मोल असते आणि ती बाळगण्यात कमीपणा काहीच नाही. मात्र तिची किंमत प्रतिकृतीचीच असायला हवी, १९६५च्या पानाची नव्हे.

रंगाचे म्हणाल तर, फॉन हॅमरचे फोकर हे त्रिपंखी जर्मन विमान छापील अंकात लालभडक दिसत असले तरी मूळ पानावर ते काळ्या शाईतच असते. रंगाची सूचना वेगळ्या कागदावर दिली जाई आणि रंग छपाईत चढे. त्यामुळे पानावर लाल रंग दिसला, तर तो कोणी, केव्हा आणि का लावला, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारा.

यानंतर पान प्रत्यक्ष हातात घ्या आणि दिव्याच्या तिरप्या उजेडात धरा. माझ्या संग्रहात त्याच दशकातले द्विपंखी विमानांच्या झुंजीचे एक पान आहे. त्यात मागच्या विमानाच्या पंखांमधल्या आधाराच्या तारा आधी पट्टीने ओढल्या आहेत आणि मग, गोळीबाराचा झोत मोकळा दिसावा म्हणून, त्यांतल्या दोन पांढऱ्या रंगाने पुसल्या आहेत. उजेड तिरपा पडला की त्या पांढऱ्या थराचा उंचवटा दिसतो आणि खाली गाडलेली तार डोकावते. छापील अंकात यातले काहीही दिसत नाही. असे फेरविचार, खोडरबराखालून उरलेल्या शिसपेन्सिलीच्या रेघा, भरीव काळ्या भागातली कुंचल्याची कमीजास्त दाट शाई, समासात लिहिलेला अंक व पानाचा क्रमांक, अनेकदा मागच्या बाजूला आढळणारा कॉमिक्स कोडचा (अमेरिकी कॉमिक्स उद्योगाच्या स्वनियंत्रण संहितेचा) मंजुरीचा शिक्का, या साऱ्या कामाच्या खुणा आहेत. प्रकाशपेटीवर ठेवून गिरवलेल्या नकलेत रेघ बरोबर असते, पण तिच्यात वेग नसतो; गिरकी घेणाऱ्या विमानाच्या धुरात हे लगेच जाणवते. भिंगाखाली ठिपक्यांची जाळी दिसली, तर तो छापील कागदच समजावा. शिवाय छापील अंक शेजारी ठेवून एकेक चौकट ताडून पाहावी.

शेवटी, पान विक्रेत्याकडे कोणाकडून आले हे लेखी मागा. त्या काळी मूळ पाने प्रकाशकाकडेच राहत, त्यांतली कित्येक नष्ट झाली आणि ती कलावंताला परत करण्याची पद्धत १९७०च्या दशकात रुळली. म्हणून १९६५चे पान जगले कसे, हा प्रश्न विचारण्यात अजिबात संकोच बाळगू नये.

प्रश्न: मुखपृष्ठाची मूळ चित्रे मला परवडणारी नाहीत. आतली पाने घेण्यात अर्थ आहे का?

उत्तर: नक्कीच आहे. किंबहुना, ज्याला विमानांचे प्रेम आहे त्याने आतल्या पानांकडेच आधी वळावे, असे माझे मत आहे. मुखपृष्ठ लक्ष वेधते, तर झुंज कशी चालते हे चौकटींच्या क्रमातून कळते. ईसी प्रकाशनाच्या ‘एसेस हाय’चे १९५५मध्ये पाचच अंक निघाले, परंतु त्यातील जॉर्ज इव्हान्स यांची पाने पाहावीत. विमानांची त्यांना मनापासून ओढ होती आणि दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकी लष्कराच्या हवाई दलात होते. ईसीचे प्रकाशक विल्यम गेन्स यांनी मूळ पाने जपून ठेवली आणि पुढे ती रस कॉक्रन यांच्या लिलावांतून विकली गेली, त्यामुळे या पानांच्या मालकीचा माग बऱ्याचदा नीट लागतो.

चित्रकाराची जाण पारखायची असेल तर तारा पाहा. फोकरच्या त्रिपंखी विमानाचे पंख आतूनच भक्कम असल्याने त्यांच्यामध्ये ताणाच्या तारा नव्हत्या. सॉपविथ कॅमल या ब्रिटिश द्विपंखी विमानात त्या भरपूर होत्या. ज्याने दोन्ही विमानांवर सारखेच जाळे ओढले आहे, त्याने विमान नीट पाहिलेले नाही.

प्रश्न: माझ्याकडच्या पानावर संवादाचे चिकटवलेले कागद पिवळे पडून सुटू लागले आहेत. ते मी पुन्हा चिकटवू का?

उत्तर: कृपया चिकटवू नका. हा पिवळा डाग रबर सिमेंटचा, म्हणजे त्या वेळी वापरलेल्या रबरी गोंदाचा असतो आणि घरगुती गोंदाने किंवा चिकटपट्टीने तो आणखी पसरतो. सुटलेला तुकडा आम्लरहित पाकिटात घालून पानासोबतच ठेवा आणि दोन्ही कागदसंवर्धकाकडे न्या. पान लॅमिनेट करू नये, काचेला टेकू देऊ नये आणि अतिनील किरण अडवणारी काच लावली तरी उन्हाच्या भिंतीवर टांगू नये. काळी शाई टिकते, पण मार्कर पेनने भरलेला भाग उडतो, तेव्हा असे पान काही महिने भिंतीवर आणि उरलेला काळ अंधाऱ्या, कोरड्या कपाटात आडवे ठेवलेले उत्तम.