नाळेतील रक्ताचा पीएच कमी आला, म्हणजे बाळाच्या मेंदूला इजा झाली का?

आपण लिहिले आहे की, बाळ उशिरा रडले, नाळेतील रक्ताचा पीएच (रक्तातील आम्लता सांगणारा आकडा; तो जितका कमी, तितकी आम्लता जास्त) ६.९८ आला, आता बाळ नऊ दिवसांचे असून अंगावर नीट दूध ओढते. तरीही या आकड्यावरून त्याच्या मेंदूला इजा झाली असे धरायचे का? एवढ्या एका आकड्यावरून तसे धरता येत नाही. मी कोल्हापुरात बालरोगतज्ज्ञ आहे. हा प्रश्न मला आईवडिलांपेक्षा आजींनी अधिक वेळा विचारलेला आहे.

नाळेत दोन धमन्या आणि एक शीर असते. शिरेतून वारेकडचे प्राणवायूयुक्त रक्त बाळाकडे येते आणि धमन्यांतून बाळाकडचे रक्त वारेकडे परत जाते, त्यामुळे जन्माच्या क्षणी बाळ कोणत्या अवस्थेत होते हे धमनीतील रक्त सांगते. अडचण अशी की शीर रुंद असते, सुई तिच्यात सहज शिरते आणि घाईच्या प्रसूतीत पुष्कळदा तिच्यातलेच रक्त घेतले जाते. मग आकडा प्रत्यक्षापेक्षा बरा दिसतो. म्हणून दोन्हींचे नमुने घ्यावेत आणि अहवालावर ‘धमनी’ की ‘शीर’ हे लिहिलेले असावे. आपल्या अहवालावर ते आहे का, पाहा.

पीएचच्या शेजारी ‘बेस डेफिसिट’, म्हणजे आम्लता शमवणारा रक्तातील साठा किती कमी पडला हे सांगणारा आकडा असतो, त्याकडे नातेवाइकांचे लक्ष जात नाही. कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळेही पीएच घसरतो, पण बाळ श्वास घेऊ लागले की तो वायू लवकर निघून जातो. प्राणवायूच तुटला, तर पेशी त्याच्याविना साखर जाळतात, लॅक्टिक आम्ल साठते आणि बेस डेफिसिट वाढतो. ही आम्लता ओसरायला वेळ लागतो. धमनीचा पीएच ७.० पेक्षा कमी किंवा बेस डेफिसिट १२ व त्याहून अधिक असला, तर जन्मावेळी प्राणवायू कमी पडल्याची दाट शंका घेतली जाते. तरीही ७.० च्या खाली गेलेली बहुतेक बाळे मेंदूच्या आजाराची कोणतीही लक्षणे न दाखवता सावरतात. उलटही घडते: प्राणवायूची ओढाताण कळा सुरू होण्यापूर्वी काही दिवस होऊन गेली असेल, तर जन्मावेळी आकडा चांगला येतो आणि मेंदूला मात्र इजा झालेली असते.

हा आकडा खरा उपयोगी पडतो तो पहिल्या सहा तासांत. ३६ आठवडे पूर्ण केलेल्या बाळात तीव्र आम्लता आणि मेंदूच्या आजाराची मध्यम किंवा गंभीर लक्षणे दोन्ही दिसली, तर त्याचे शरीर सुमारे ३३.५ अंश सेल्सिअसवर ७२ तास थंड ठेवण्याचा उपचार करायचा की नाही, हे त्या वेळात ठरवावे लागते. श्रीमंत देशांत हा उपचार रूढ आहे. पण भारत, श्रीलंका आणि बांगलादेश येथील ४०८ बाळांवर झालेल्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हेलिक्स’ चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही, उलट थंड केलेल्या गटात मृत्यू अधिक झाले. आपल्याकडील पुष्कळ बाळांत इजा गर्भातच, हळूहळू झालेली असावी, हे त्याचे एक संभाव्य कारण सांगितले जाते. तसे असेल, तर जन्मक्षणाचा पीएच आपल्या बाळांबाबत आणखीच अपुरा ठरतो, असे माझे मत आहे.

मेंदूची इजा रक्तावरून लवकर ओळखता येईल का, यावर संशोधन सुरू आहे. आयर्लंडमधील कॉर्क येथील गटाने नाळेच्या रक्तातील मायक्रो-आरएनए, म्हणजे जनुकांच्या कामावर नियंत्रण ठेवणारे सूक्ष्म रेणू, तपासले. भारतातील ४५ बाळांचे जन्मानंतर सहा तासांच्या आत घेतलेले रक्त तपासून, पुढे अपंगत्व आलेल्या आणि न आलेल्या बाळांत कोणत्या जनुकांचे काम वेगळे होते, हेही पाहिले गेले. पण यातील कोणतीही चाचणी आज रोजच्या उपचारात वापरली जात नाही. (नाळेचे रक्त साठवणाऱ्या कंपन्यांचा या साऱ्याशी संबंध नाही, तो मूलपेशींचा वेगळा विषय आहे.)

चंदगड किंवा गगनबावड्याकडून १०८ रुग्णवाहिकेतून बाळ कोल्हापुरात पोहोचते, तेव्हा नाळ केव्हाच बादलीत गेलेली असते आणि कागदावर ‘लगेच रडले नाही’ एवढेच असते. दोन्ही बाजूंनी चिमटे लावून कापलेला नाळेचा तुकडा साध्या तापमानाला तासभर तपासण्याजोगा राहतो, पण तासाच्या आत यंत्र गाठणे घाटरस्त्यावरून जमत नाही. अशा वेळी पहिल्या, पाचव्या आणि दहाव्या मिनिटाचा अपगार गुणांक (श्वास, हृदयाचे ठोके, रंग, हालचाल अशा गोष्टी पाहून बाळाला दहापैकी दिलेले गुण) नीट लिहिलेला असेल, तर मला पीएचपेक्षा तोच अधिक कामाचा वाटतो.

आपल्या बाळाबाबत डिस्चार्ज कार्डावर तीन गोष्टी शोधा: दहाव्या मिनिटाचा अपगार, पहिल्या तीन दिवसांत झटके आले होते का, आणि बाळ सुस्त किंवा ढिले पडले होते का. यांपैकी काही घडले असेल, तर पहिल्या दोन आठवड्यांतच मेंदूचा एमआरआय करण्याबद्दल आपल्या डॉक्टरांशी बोला, म्हणजे आपल्या हाती आता जेमतेम पाच दिवस आहेत. काहीच घडले नसेल आणि बाळ पहिल्यापासून जागे राहून दूध ओढत असेल, तर धोका कमी आहे. तरी श्रवणचाचणी करून घ्या, दर भेटीत डोक्याचा घेर मोजायला सांगा, आणि चौथा महिना संपताना मान सावरलेली नसेल किंवा मुठी सतत घट्ट मिटलेल्या असतील, तर पुढच्या लसीची तारीख येईपर्यंत थांबू नका.