चिपला कुलूप लागलंय, की ती नुसती गप्प बसलीय?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी सांगोला तालुक्यात डाळिंबाच्या बागांसाठी मोटारीचे मोबाइल स्टार्टर बनवतो. आत 'ब्लू पिल' बोर्ड असतो, एसटीएम३२एफ१०३ चिपचा. एसटी कंपनीच्या क्यूबएमएक्स सॉफ्टवेअरमध्ये पहिला प्रोग्राम बनवला, एसटी-लिंक या प्रोग्राम टाकायच्या डाँगलने टाकला, एलईडी लुकलुकला. दुसऱ्यांदा टाकायला गेलो तर 'टार्गेट सापडत नाही'. असे तीन बोर्ड गेले. मित्र म्हणतो, चिप लॉक झाली, फेकून दे. चौथा बोर्ड दुसऱ्या कुणी बनवलेल्या जुन्या स्टार्टरमधला आहे. तो सापडतो, पण मेमरी वाचायला गेलं की एरर येते. त्याचा ड्राय-रन कटऑफ (पाणी सुटलं की मोटर बंद करणं) फार चांगला चालतो, म्हणून तो प्रोग्राम मला हवा आहे. हे चारही बोर्ड अनलॉक कसे करायचे?
— एक वाचक, सांगोला

उत्तर : आधी ते तीन बोर्ड कुठे टाकले असतील तिथून शोधून आणा. ते शाबूत आहेत, याची मला जवळजवळ खात्री आहे. तुमच्या चार बोर्डांपैकी कुलूप फक्त चौथ्याला आहे, आणि नेमका तोच तुम्ही घाईने उघडू नये असं मला वाटतं. का ते पुढे सांगते.

गेली अनेक वर्षं मी सातपूरला पॅनेलचे छोटे कंट्रोल बोर्ड बनवते आणि दुरुस्त करते. 'लॉक झाली' म्हणून माझ्या टेबलावर आलेल्या चिपांपैकी बऱ्याच चिपांना कुलूप नव्हतंच. एफ१०३ जातीच्या ज्या चिपला खरंच कुलूप असतं ती प्रोबला, म्हणजे तुमच्या एसटी-लिंकला, ओळख देते: मी अमुक कोअर आहे, बोला. फक्त फ्लॅश, म्हणजे प्रोग्राम साठवलेली मेमरी, वाचू देत नाही. तुमचा चौथा बोर्ड हेच करतोय. उलट, जी चिप ओळखच देत नाही, तिला एक तर वीज पोचत नाही, नाही तर वायर चुकली आहे, नाही तर तिच्या प्रोग्रामनेच डीबगचं, म्हणजे प्रोबने आत शिरायचं, दार बंद केलं आहे. तुमच्या तिघांचं हे तिसरं आहे.

पहिला प्रोग्राम गेला आणि दुसरा जाईना, ही खूण पुरेशी आहे. तुमच्या चिपच्या एफ१ मालिकेसाठी क्यूबएमएक्समध्ये 'सिस' या भागात डीबग आपसूक 'नो डीबग' वर असतं. तसंच कोड जनरेट केलं की एचएएल एमएसपीच्या फाइलमध्ये एक ओळ येते, जी चालू होताच एसडब्ल्यूडीच्या (प्रोब जिच्यावरून चिपशी बोलतो त्या जोडणीच्या) दोन्ही पिना, पीए१३ आणि पीए१४, प्रोबकडून काढून घेते. तुम्ही ती ओळ लिहिली नाही, पाहिलीही नाही. पण बोर्डाला वीज मिळाल्यावर डोळ्याची पापणी लवायच्या आत ती चालून जाते, आणि त्यानंतर प्रोब कितीही हाका मारो, पलीकडे कुणी नसतं.

आता सुटकेचं. रीसेट झाला की त्या पिना पुन्हा डीबगच्याच होतात. म्हणजे रीसेट आणि ती ओळ यांच्यामध्ये एक बारीकशी फट असते, तिच्यात प्रोबला शिरायचं आहे. क्यूबप्रोग्रामर या एसटीच्या प्रोग्राम टाकायच्या सॉफ्टवेअरमध्ये कनेक्शनचा मोड 'अंडर रीसेट' करा आणि प्रोबची रीसेटची वायर बोर्डावर 'आर' छापलेल्या पिनेला जोडा. प्रोब रीसेट दाबून धरतो, चिपला आधीच बजावून ठेवतो की उठल्याबरोबर थांब, आणि मग रीसेट सोडतो. कोअर पहिल्या सूचनेवरच उभा राहतो आणि तुमची ती ओळ चालतच नाही.

इथे बहुतेक जण अडकतात. यूएसबीच्या पेनड्राइव्हसारखे जे स्वस्त एसटी-लिंक मिळतात, त्यांतल्या अनेकांची रीसेटची पिन एसटीएम८ या वेगळ्या चिपांसाठी असते. एसटीएम३२ ला जोडली तरी ती हलत नाही. मल्टीमीटर लावून बघा: कनेक्ट दाबताना 'आर' पिनेवर ३.३ व्होल्ट क्षणभरही खाली येत नसतील, तर तुमचा डाँगल त्यातलाच. मीटर हातात आहे तोवर एक झाकणही उघडा. या डाँगलच्या पत्र्यावर छापलेला पिनांचा क्रम आणि आतल्या पट्टीवरचा क्रम वेगळा असलेले डाँगल मी पाहिले आहेत. आतल्यावर विश्वास ठेवा.

रीसेटची वायर चालत नसेल तर सगळ्यात सोपी वाट बोर्डावरच आहे. पिवळ्या टोप्यांचे दोन जंपर दिसतात ना, त्यातला बूट० एकवर न्या, बूट१ शून्यावरच राहू द्या आणि रीसेटचं बटण एकदा दाबा. आता चिप तुमचा प्रोग्राम सोडून कारखान्यातून आलेल्या बूटलोडर या छोट्या प्रोग्रामवरून सुरू होते. तुमची ओळ फ्लॅशमध्ये तशीच पडून आहे, पण तिला कुणी उठवत नाही. साध्या मोडमध्ये कनेक्ट करा, पूर्ण चिप इरेज करा, जंपर परत शून्यावर आणा. बटण दाबून धरायचं आणि कनेक्ट दाबतानाच सोडायचं, असंही करतात. हात बसायला चार-पाच प्रयत्न लागतात. मला जंपरच बरा वाटतो.

हे सगळं झाल्यावर क्यूबएमएक्समध्ये डीबग 'सिरीयल वायर' करायला विसरू नका, नाही तर चौथ्या मिनिटाला तुम्ही पुन्हा तिथेच. एवढं करूनही चिप बोलली नाही तर वायर आखूड घ्या आणि वेग ४००० किलोहर्ट्झवरून ४८० वर आणा.

आता चौथा बोर्ड. त्याला बनवणाऱ्याने जाणूनबुजून रीडआउट प्रोटेक्शन, म्हणजे मेमरी वाचू न देणारं कुलूप, लावलं आहे. ते काढता येतं, अगदी सहज काढता येतं, आणि त्यातच धोका आहे. एसटीच्या जुन्या युटिलिटीत अशा वेळी जो संदेश येतो त्याचा अर्थ होतो: मेमरी वाचता येत नाही, रीडआउट प्रोटेक्शन काढा आणि पुन्हा प्रयत्न करा. वाचणाऱ्याला वाटतं, काढलं की वाचता येईल. वाचता येतंच, पण सगळीकडे एफएफ एफएफ, म्हणजे कोरी मेमरी, दिसतं. कुलूप काढायला सांगितलं की चिप आधी आपली अख्खी फ्लॅश पुसते आणि मगच दार उघडते. तिची रचनाच तशी आहे. एफ१०३ ला पूर्ण पुसायला २० ते ४० मिलिसेकंद लागतात. 'थांब' म्हणायला तेवढा वेळ पुरत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. एका कारखान्यातलं लेबल लावायचं मशीन माझ्याकडे आलं होतं. बोर्ड चालत होता, पण एक टायमिंग बदलायचं होतं. मी तोच संदेश वाचला आणि हो म्हटलं. सोर्स कोड मालकाकडे नव्हता, ज्याने लिहिला तो शहर सोडून गेला होता. सेन्सर, मोटर, हीटर एकेक करून मोजत मी तो प्रोग्राम पुन्हा लिहिला. सहा दिवस लाइन बंद राहिली. मालक एका शब्दाने बोलला नाही, पण रोज संध्याकाळी येऊन मशीनशेजारी उभा राहायचा. तेव्हापासून प्रोब जोडण्याआधी मी एकच प्रश्न विचारते: यात जे आहे त्याची प्रत कुणाकडे आहे? तुमच्या चौथ्या बोर्डाच्या बाबतीत उत्तर 'कुणाकडेच नाही' असं आहे. शिवाय तो प्रोग्राम दुसऱ्याच्या मेहनतीचा आहे, त्याने दाराला कुलूप घातलं आहे, आणि ते उघडायला मी मदत करणार नाही.

तुम्हाला हवा आहे तो ड्राय-रन कटऑफ. तो तुम्ही स्वतः करू शकता. पाणी सुटलं की मोटरवरचा भार कमी होतो आणि करंट खाली येतो. एका फेजवर सीटी (करंट मोजणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) बसवा, पाणी भरून चालताना किती करंट जातो ते आठ दिवस लिहून ठेवा, त्याच्या खाली तुमची मर्यादा धरा. सुरुवातीच्या काही सेकंदांत मात्र तिकडे बघू नका, मोटर वेग घेत असते.

तुमच्याच एखाद्या बोर्डाला कुलूप लागलं असेल आणि सोर्स जवळ असेल, तर खुशाल काढा. रीडआउट प्रोटेक्शनच्या बाइटमध्ये ए५ गेलं की झालं. हे काम सॉफ्टवेअर करतं. त्यानंतर प्रोग्राम लिहायला जाल आणि तो पहिल्याच पत्त्यावर अडेल, तर घाबरू नका. प्रोटेक्शन लागलं की एफ१०३ पहिल्या ४ केबीवर लिहायलाही मनाई करते, आणि नवी किंमत वाचली जाईपर्यंत तिला जुनीच आठवत असते. वीज पूर्ण काढून पुन्हा द्यावी लागते. नुसत्या रीसेटच्या बटणावर भागवू नका. माझ्या एका शिकाऊ मुलाने यूएसबी तीनदा काढून घातली तरी जमेना, कारण एसटी-लिंककडून ३.३ व्होल्ट चालूच होते. पॉवरचा लाल एलईडी विझला का, एवढं डोळ्यांनी बघा. तो विझला नाही तर चिप बंद झालेलीच नाही.

प्रश्न : मॅडम, मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी एसटीएम३२एफ४०७ चा बोर्ड घेतला होता. ऑप्शन बाइट्समध्ये (चिपच्या सेटिंगमध्ये) प्रोटेक्शनच्या यादीत सगळ्यात वरची लेव्हल निवडली, 'सीसी' असं काहीतरी होतं. आता अंडर रीसेट, बूट०, सगळं करून झालं. कनेक्टच होत नाही. परीक्षा पंधरा दिवसांवर आहे.
— एक विद्यार्थिनी, कराड

उत्तर : बाळा, ही लेव्हल दोन आहे आणि ती उघडत नाही. एफ४ मध्ये एए म्हणजे मोकळी, सीसी म्हणजे कायमची बंद, आणि बाकी कुठलीही किंमत म्हणजे लेव्हल एक, जी फ्लॅश पुसून काढता येते. सीसी लिहिलं की डीबगचं पोर्ट आणि बूटलोडर दोन्ही जातात, ऑप्शन बाइट्सही गोठतात. अशी चिप बिघडली तर ती तपासणं आपल्यालाही शक्य नाही, असं एसटीनेच लिहून ठेवलं आहे. म्हणून कुणी पैसे घेऊन उघडून देतो म्हणालं तर देऊ नकोस.

पण त्यात शेवटचा टाकलेला प्रोग्राम अजून चालत असेल. वीज देऊन बघ. चालत असेल तर तो बोर्ड प्रात्यक्षिकाला तसाच ठेव. बदल करायचे असतील तर दुसरा बोर्ड आजच मागव, पंधरा दिवस पुरेसे आहेत. आणि प्रोजेक्टच्या वहीत हे घडलेलं पान फाडू नकोस. बाहेरच्या परीक्षकांना ते दाखव, लेव्हल शून्य, एक आणि दोन यांतला फरक तू हाताने शिकली आहेस.